मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब, किती तास: आपलं आपण कसं काढायचं

"अमेरिकेला पोचायला किती तास लागतात?" असं चार जणांना विचारा, चार उत्तरं मिळतील. एक म्हणेल सोळा, दुसरा बावीस, काकू म्हणतील पुरता दीड दिवस गेला बाई, आणि एखादा शहाणा म्हणेल की मी रात्री दीडला बसलो आणि त्याच दिवशी सकाळी आठला उतरलो, म्हणजे साडेसहा तास. गंमत म्हणजे यातलं कोणीच खोटं बोलत नाहीये, जो तो वेगळीच गोष्ट मोजतोय. त्यामुळे आधी हे ठरवा की तुम्हाला नक्की काय हवंय: नकाशावरचं अंतर, विमान खरंच उडतं ते अंतर, तिकिटावरचे तास, की घराच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचे तास. इथे मुंबई-न्यूयॉर्क घेतोय कारण आपल्याकडच्या अर्ध्या आईबाबांचा रूट हाच, पण पद्धत कुठल्याही दोन विमानतळांना चालते.

आधी नकाशावरचं अंतर

सगळ्यात सोपं म्हणजे गूगल मॅप्स कॉम्प्युटरवर उघडा, मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, "मेजर डिस्टन्स" निवडा, मग न्यूयॉर्कच्या जेएफकेवर क्लिक करा. मोबाइलवर असाल तर बोट दाबून धरून पिन टाकायची आणि खालच्या मेन्यूत तेच शोधायचं. ग्रेट सर्कल मॅपर नावाची एक जुनी साइट आहे, तिथे नुसते दोन विमानतळांचे कोड टाकले तरी चालतं, मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कचा जेएफके, शेजारच्या नेवार्कचा ईडब्ल्यूआर. उत्तर येईल साधारण १२,५५० किलोमीटर. काही ठिकाणी मैलात दिसेल, ७,८०० च्या आसपास, आणि वैमानिक लोक नॉटिकल मैलात बोलतात (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी) तर ते पावणेसात हजारांच्या आसपास जातं. एकाच प्रवासाचे तीन आकडे बघून लोक उगाच गोंधळतात, युनिट बघा आधी.

नेट नको असेल तर घरातल्या पोरांचा पृथ्वीगोल काढा, मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते कारण यात रस्ता डोळ्यांना दिसतो. शिवणकामाचा दोरा घ्यायचा, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा, पूर्ण ताठ झाला की तो आपोआप सरकून सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. मग दोरा पट्टीवर मोजा. ३० सेंमी व्यासाचा गोल असेल तर त्याचा घेर ९४ सेंमी, आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण ४२५ किमी. दोरा भरेल साडेएकोणतीस सेंमी. गुणाकार करा, साडेबारा हजार येतात की नाही बघा.

आता तो दोरा कुठून गेलाय ते नीट बघा. बहुतेकांना वाटतं मुंबईहून सरळ पश्चिमेला, अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, अटलांटिक आणि मग न्यूयॉर्क, कारण भिंतीवरच्या सपाट नकाशावर तसंच दिसतं. दोरा मात्र मुंबईहून निघतो तो उत्तर-वायव्येला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मग पार मॉस्कोजवळून, हेलसिंकीच्या किंचित वरून, नॉर्वे आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रात जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो, तिथून खाली वळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासत कॅनडातून न्यूयॉर्कला उतरतो. वाकडा वाटतो पण गोल पृथ्वीवर तोच सगळ्यात छोटा. सपाट नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतो म्हणून आपली फसगत होते, बाकी काही नाही.

ज्यांना गणिताची खाज आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची वजाबाकी नाही, बेरीज करायची, १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो येतो ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशाच्या फरकाचा कोसाइन असा तिघांचा गुणाकार, तो येतो उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६, तिचा उलटा कोसाइन ११२.७ अंश, आणि एका अंशाला १११.२ किमी धरले की झाले १२,५३० च्या आसपास. साइटवरचा आकडा थोडा जास्त असतो कारण पृथ्वी पूर्ण गोल नाही, पोटाशी थोडी सुटलीय. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना एवढं बघा, रेडियनवर राहिला तर उत्तर भलतंच येईल. एक्सेलमध्ये तर कोन आधी रेडियनमध्ये बदलूनच घालावे लागतात.

पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही

दोऱ्याखाली कोणकोणते देश येतात ते वर वाचलंतच. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि मग ते महिन्या-महिन्याने वाढवत नेलं, अफगाणिस्तानवरून जाणं ऑगस्ट २०२१ नंतर बऱ्याच कंपन्यांनी सोडलं, आणि रशियाने २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना मनाई केली (आपल्या कंपन्यांना ती लागू नव्हती). जून २०२५ मध्ये तर इराण-इराकचं आकाशही काही दिवस बंद होतं. अशा वेळी मुंबईचं विमान आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघतं आणि मग वर वळतं. त्यातल्या त्यात आपलं नशीब बरं, मुंबई समुद्रकाठी आहे, दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं त्यामुळे त्यांचा वेळ जास्त वाढतो. म्हणूनच कोणी दोन-तीन वर्षांपूर्वीचा अनुभव सांगितला की "आम्हाला तर चौदा-पंधरा तासच लागले", तर त्यावर बेत आखू नका, त्या वेळचं आकाश वेगळं होतं.

अंदाजासाठी नकाशावरच्या अंतरात पाच टक्के वाढवा. १२,५५० चे झाले साधारण १३,२००. हे शास्त्र नाही, ठोकताळा आहे, पण लांबच्या फ्लाइटना बरा चालतो. युद्धबिद्ध चालू असेल तर पाचाचे आठ-दहा टक्के धरा.

आता तास

मोठी विमानं, बोइंग ७७७ काय किंवा एअरबस ए३५० काय, पस्तीस हजार फुटांवर साधारण ९०० किमी ताशी उडतात. मग लोक करतात काय, १३,२०० भागिले ९००, साडेचौदा तास, झालं. जाताना सोळा का आणि येताना साडेचौदा-पावणेपंधरा का, हे त्यात बसत नाही.

कारण ते ९०० हवेच्या मानाने आहेत. आणि त्या उंचीवर हवा स्वतःच पळतेय, पश्चिमेकडून पूर्वेकडे, जेट स्ट्रीम म्हणतात तिला, ताशी दीडशे-दोनशे किमी सहज, हिवाळ्यात त्याहून जास्त. न्यूयॉर्कला जाताना हा वारा तोंडावर येतो, परत येताना पाठीत. वैमानिक जाताना त्याला चुकवायला वाट थोडी वर-खाली करतात आणि येताना मुद्दाम त्यात शिरतात, म्हणून जाण्याची आणि येण्याची रेघ कधीच एक नसते.

हा वारा काय करू शकतो याची दोन उदाहरणं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. आणि त्याआधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोची फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेली, अंतर १३,९०० चं १५,३०० किमी झालं, चौदाशे किमी जास्त, तरी साडेचौदा तासांत पोचली, नेहमीपेक्षा दोनेक तास लवकर. लांबचा रस्ता आणि वेळ कमी! म्हणून नुसत्या किलोमीटरवरून तास काढू नका असं मी म्हणतोय.

आणि ते "पृथ्वी खालून फिरते म्हणून येताना लवकर येतो" हे सोडून द्या आता. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतेच की, आणि विमान त्या हवेत असतं. नुसतं अधांतरी राहून खालून शहर येईल असं असतं तर हेलिकॉप्टर वर उभं करूनच मुंबईहून अमेरिकेला गेलो असतो.

तर ठोकताळा असा: पश्चिमेला जाताना भागिले ८५०, पूर्वेला येताना भागिले ९२०, आणि दोन्हीत अर्धा तास चढ-उताराचा मिळवायचा. १३,२०० भागिले ८५० म्हणजे साडेपंधरा, अधिक अर्धा, सोळा तास. येताना १४.३ अधिक अर्धा, पावणेपंधरा. मुंबई-लंडन करून बघा, नकाशावर ७,२०० किमी, पाच टक्के धरून ७,५६०, जाताना साडेनऊच्या आत-बाहेर, येताना पावणेनऊ, वेळापत्रकाशी ताडून बघा, फार फरक पडत नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या फ्लाइटना हा जा-ये फरक फारसा लागत नाही, तिथे सरळ ८८० ने भागा.

तिकिटावर जे तास छापतात ते गेटपासून गेटपर्यंतचे. त्यात मुंबईला रनवेची रांग, जेएफकेला उतरल्यावर गेटपर्यंतचं रखडणं हे सगळं धरलेलं असतं, शिवाय कंपन्या पंधरा-वीस मिनिटं मुद्दाम पदरात टाकून ठेवतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी "वेळेवर" म्हणता येतं. खरा आकडा हवा तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांच्या उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या खऱ्या वेळा दिसतात, चार-सहा दिवसांची सरासरी डोळ्यांनीच काढा. माझ्या मते तिकीट काढण्याआधी एवढं एक काम प्रत्येकाने करावं, पाच मिनिटांचं आहे, आणि रोज उशिरा सुटणारी फ्लाइट तिथे लगेच उघडी पडते.

तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या

साडेसहा तासांत अमेरिका, ते यातूनच येतं. सुटायची वेळ मुंबईची छापतात, पोचायची न्यूयॉर्कची. दोन्हींत फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. आपण काही करत नाही, आपलं साडेपाच ते साडेपाचच.

बोटांवर करायची युक्ती सांगतो. उन्हाळ्यात: भारताच्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळचं रात्र, रात्रीचं सकाळ करा. हिवाळ्यात अडीचऐवजी दीड मिळवा. म्हणजे मुंबईहून रात्री दीडला सुटलं, सोळा तास, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले, त्यात अडीच मिळवले की आठ, संध्याकाळचं सकाळ केलं, सकाळी आठ. हिवाळ्यात तेच सकाळी सात. तारीख मात्र तीच राहते, आणि इथेच घोळ होतो: १० तारखेला रात्री दीडची फ्लाइट म्हणजे ९ तारखेला संध्याकाळीच घर सोडायचं आहे. हा घोळ दरवर्षी कोणाचा ना कोणाचा होतो, म्हणून तिकीट आलं की कॅलेंडरवर ९ ला गोल करा, १० ला नाही.

येताना तिकिटावर वेळेपुढे "+१" असतं, पुढच्या दिवशी पोचणार असा अर्थ. न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघालं, साडेचौदा तास, तिकडचे रात्रीचे दोन, त्यातून अडीच वजा करून उलटं केलं की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा. जाताना मिळवलेले तास येताना असे परत द्यावे लागतात.

थेट घ्यायची की थांबा असलेली

इथे एक आकडा बघून लोक चकित होतात. मुंबई-दुबई १,९३० किमी, दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या थोडं वर, बेरीज १२,९५०. म्हणजे थेटपेक्षा फक्त ४०० किमी जास्त! लंडनमार्गे तर जेमतेम २०० जास्त (७,२०० अधिक ५,५५०). विमानाला ४०० किमी म्हणजे अर्धा तास. मग वीस-बावीस तास का लागतात? थांबा खातो, आणि दोनदा चढ-उतार. दुबईमार्गे सव्वातीन तास, अधिक तीन तासांचा थांबा, अधिक चौदा तास, वीस तिथेच झाले.

तर थांबा असलेली तिकिटं बघताना किलोमीटर विसरा, थांबा किती ते बघा. दीड तासाच्या आतला नको, व्हीलचेअर घेतलेले आईबाबा असतील तर अडीच-तीन हवेतच. सहाच्या वर गेला तर स्वस्त तिकिटाचा फायदा विमानतळावरच्या कॉफी-सँडविचात जातो. अबू धाबीचं एक वेगळं आहे, तिथेच अमेरिकेचं इमिग्रेशन उरकतात, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर बॅग घेऊन सरळ बाहेर. पण मग अबू धाबीच्या थांब्यात तो वेळ धरावा लागतो. आणि अमेरिकेतच पुढची फ्लाइट असेल, समजा नेवार्कहून पुढे शिकागो, तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅग उचलणं, पुन्हा बॅग देणं हे सगळं करावं लागतं, तिथे तीन तासांखाली घेऊ नका.

जेएफके की नेवार्क? मुंबईपासून दोन्हींच्या अंतरात जेमतेम १५ किमीचा फरक, हवेत एक-दीड मिनिट. पण मुलगी एडिसनला किंवा जर्सी सिटीत राहत असेल तर नेवार्कच घ्या, जेएफकेहून न्यू जर्सीत यायचं म्हणजे अख्खं न्यूयॉर्क ओलांडणं, गर्दीच्या वेळी दोन तास कुठेच गेले नाहीत. क्वीन्समध्ये किंवा लाँग आयलंडला जायचं असेल तर उलट जेएफके बरं. आणि हल्ली आपल्या बाजूलाही विमानतळ कुठला ते बघा, नवी मुंबईचा कोड एनएमआय आहे, बीओएम नाही.

दारापासून दारापर्यंत

हा हिशेब कोणतीही साइट देत नाही, आणि घरच्यांना हवा असतो तो हाच. पुण्याचं, कोथरूडचं घर धरा, रात्री दीडची फ्लाइट, उन्हाळा. विमानतळावर दहाच्या आत पोचायला हवं. दीडशे किमीच्या आसपास रस्ता, घाटात कंटेनर आडवा पडला नाही तर साडेतीन-चार तास, म्हणजे साडेपाचला गाडी दारात. फ्लाइट सोळा तास, तिकडे सकाळी आठला उतरणार. इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्समध्ये लोणच्याची बरणी उघडून दाखवणं, दीड-पावणेदोन तास. नेवार्कला उतरलात तर तिथून एडिसन पाऊण तास. दारात पोचेपर्यंत तिकडचे साडेदहा, आपल्याकडे रात्रीचे आठ. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते दुसऱ्या दिवशी रात्री आठ, साडेसव्वीस तास. काकूंचा "दीड दिवस" काही फार लांब नव्हता.

यासाठी एक घड्याळ प्रवासभर भारताच्या वेळेवरच ठेवा, मोबाइल आपोआप बदलतो म्हणून हातातलं. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर हे फार उपयोगी पडतं, कारण तिकडची "सकाळ" आली म्हणून सकाळची गोळी पुन्हा घेतली असं होऊ शकतं, मधे तास किती गेले ते भारताच्या घड्याळावरच कळतं. इन्सुलिन असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना वेळा लिहूनच मागा आणि औषध हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या नाही.

आणि तिकडे घ्यायला येणाऱ्याने तिकिटावरची वेळ बघून घर सोडू नये. वारा मंद असला तर विमान अर्धा तास आधीही येतं, आणि कधी आकाशात घिरट्या घालत राहतं. मुंबईहून उडाल्यावर तासाभरात ॲपवर उतरण्याची सुधारित वेळ दिसायला लागते, ती साधारण खरी असते, त्यात दीड तास मिळवून तेव्हा विमानतळावर पोचू अशा हिशेबाने निघायचं, नाहीतर पार्किंगचे डॉलर भरत बसायचं.